४० किलोमीटरसाठी घोडी निवडताना

एन्ड्युरन्स रायडिंगसाठी स्वतःचा घोडा घ्यायचा हे मी फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं आणि घोडी दावणीला आली मार्च २०२५ मध्ये. या वर्षभरात मी कितीतरी लोकांना कितीतरी प्रश्न विचारले. घोड्यांवर भरभरून बोलणारी माणसं आपल्याकडे भरपूर आहेत, पण कुणी रेसच्या घोड्याबद्दल बोलतं, कुणी लग्नाच्या वरातीतल्या नाचऱ्या घोड्याबद्दल. लांब पल्ल्याचा घोडा नवशिक्याने कसा निवडावा, यावर मराठीत सलग लिहिलेलं मला काही सापडलं नाही. म्हणून तारखा, खर्च आणि कागदपत्रांसकट हे सगळं लिहून ठेवतेय.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एन्ड्युरन्समध्ये घोडा आणि स्वार एका दिवसात ठरलेलं अंतर कापतात. सुरुवातीच्या पातळीला ४० किलोमीटर, पुढे ६०, ८०, आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सर्वांत वर १६०. वाट टप्प्याटप्प्याची असते आणि प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्यक घोडा तपासतात. घोड्याची नाडी ठरलेल्या मिनिटांत, साधारणपणे मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत, खाली यावी लागते. मग हिरड्या, त्वचा, पोटातले आवाज बघतात आणि घोडा हातात धरून पळवायला लावतात. लंगडला तर बाद. सगळ्यात आधी पोचलेला घोडा शेवटच्या तपासणीत नापास झाला तर त्याचा पहिला नंबरही जातो. कॅलिफोर्नियातली १०० मैलांची टेविस कप स्पर्धा १९५५ पासून चालू आहे, तिथेही पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मान असतो. नवशिक्यांच्या पात्रता फेऱ्यांत तर वेगाला ताशी १६ किलोमीटरची वरची मर्यादाच असते. म्हणजे घोडा किती जोरात पळतो यापेक्षा पळून झाल्यावर किती लवकर शांत होतो, हा खरा प्रश्न.

पुण्याजवळच्या एका रायडिंग स्कूलमध्ये मी काही वर्षं शिकत होते. तिथल्या घोड्यावरून २० किलोमीटरची एक सरावफेरी केली आणि मन तिथेच अडकलं. सरांना सांगितलं, "सर, मला स्वतःचा घोडा घ्यायचाय." ते म्हणाले, "घे. पण दिवाळीपर्यंत फक्त बघायचं. कुणालाही बयाणा द्यायचा नाही." ही अट तेव्हा मला जाचक वाटली होती. आज कुणी मला विचारलं तर मीही हीच अट घालेन.

बघायचं म्हणजे काय, ते सरांनी एका वहीत लिहून दिलं. वय सात ते दहाच्या दरम्यान. घोडा बाहेरून तीन-चार वर्षांत मोठा दिसतो, पण त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पुरी व्हायला साडेपाच-सहा वर्षं लागतात. नवशिक्या स्वाराला नवशिका घोडा नको, हे दुसरं कारण. शक्यतो आख्ता, म्हणजे खच्ची केलेला नर, किंवा घोडी. अंडील, म्हणजे खच्ची न केलेला घोडा नको, कारण सुरुवातीला वीस-पंचवीस घोडे एकत्र निघतात तेव्हा त्याला सांभाळणं अनुभवी हातांचं काम आहे. त्यानंतर पाय, खूर, नाडी, स्वभाव. रंगासाठी वहीत जागाच नव्हती.

जुलैत पुण्याचा रेसचा हंगाम सुरू झाला आणि निवृत्त थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीचे घोडे, विकायला आहेत असे निरोप येऊ लागले. हे घोडे स्वस्त मिळतात. मला दाखवलेल्या पहिल्याच घोड्याची किंमत ४०,००० होती. देखणा, पाच वर्षांचा, अंगावर एक केस इकडचा तिकडे नाही. सरांबरोबर आलेल्या डॉक्टरांनी पुढच्या उजव्या पायावरून मागच्या बाजूने हात फिरवला आणि मला म्हणाले, "तुम्ही फिरवा." गुडघ्याखाली जी शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारा टेंडन) दोरीसारखी सरळ लागायला हवी, ती मधोमध किंचित फुगून बाहेर आलेली होती. डोळ्यांना दिसत नव्हती, बोटांना लगेच कळली. जुनी दुखापत. सपाट मैदानात हलकं काम करायला तो घोडा चालला असता, पण दगडधोंड्यांच्या वाटेवर तासन्‌तास नाही. त्यानंतर मी प्रत्येक घोड्याचे चारही पाय डोळे मिटून चाचपायला शिकले. एक पाय वाईट आहे का हे कळत नसेल तर तो जोडीच्या पायाशी ताडून बघायचा. दोन्ही सारखे लागले पाहिजेत. थरोब्रेडमध्ये या खेळाला चालणारे घोडे असतातच, पण बऱ्याच जणांचे तळवे पातळ असतात आणि शांत चालायला त्यांना पुन्हा शिकवावं लागतं. तेवढा अनुभव माझ्याकडे नव्हता.

दिवाळी झाल्यावर, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, नीरेच्या अलीकडे धनगरांचा वाडा, म्हणजे त्यांचा फिरता तांडा, कोकणाकडे निघालेला भेटला. भीमथडी घोड्यांबद्दल ऐकलं होतं. भीमेच्या खोऱ्यातली ही जात, मराठ्यांच्या घोडदळाशी नाव जोडलेली, आणि आता देशी जातींच्या यादीत तिची अधिकृत नोंदही झाली आहे. हे घोडे दरवर्षी देश ते कोकण आणि परत असा प्रवास पाठीवर संसार घेऊन करतात. मी त्यांचे खूर बघत बसले. नाल नाही, तरी कडा गोल, जाड, एकही भेग नाही, आणि तळाचा मधला त्रिकोणी भाग रुंद आणि चामड्यासारखा टणक. चांगला खूर कसा असतो हे मी तिथे शिकले. वाड्यातले आबा म्हणाले, "ताई, ह्यो वझं वाहतो, पर तुमास्नी घिऊन दिसभर पळंल का, सांगता न्हाय यायचं."

ते किती बरोबर होतं ते टेपने मोजल्यावर कळलं. घोड्याचं वजन काढायची एक सोपी रीत आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्यापासून पुठ्ठ्यापर्यंतच्या (मागच्या टोकापर्यंतच्या) लांबीने गुणायचं आणि ११,८७७ ने भागायचं. उत्तर किलोत येतं. आबांच्या घोड्याचा घेर १४० आणि लांबी १२५, म्हणजे वजन साधारण २०६ किलो. मी आणि खोगीर-सामान मिळून ७० किलो. स्वार आणि सामान घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असावं असा ढोबळ नियम आहे. इथे ते वजन तिसऱ्या हिश्श्याच्या वर जात होतं. किशोरवयीन, हलक्या स्वारांसाठी या घोड्यांचा कुणी गंभीरपणे विचार करावा असं मला मनापासून वाटतं. माझं वजन लादणं हा मात्र घोड्यावर अन्याय झाला असता.

मग सारंगखेडा. नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात, तापीच्या काठी, एकमुखी दत्ताची यात्रा दत्तजयंतीला सुरू होते आणि घोड्यांचा मोठा बाजार भरतो. २०२४ मध्ये दत्तजयंती १४ डिसेंबरला होती. मी धुळे-दोंडाईचा मार्गाने गाडीने गेले. रेल्वेने जायचं तर दोंडाईचा उतरावं. राहायची सोय आधी करून ठेवा, ऐन यात्रेत गावात काही मिळत नाही. पहाटे जा. उन्हं वर आली की गर्दी वाढते, आणि ढोल सुरू झाला की घोड्याची खरी चाल बघायला मिळत नाही.

बाजार पाहून मी हरखून गेले, हे कबूल करायला मला काही वाटत नाही. ओळीने बांधलेले मारवाडी, काठेवाडी, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे. कानांची टोकं एकमेकांना टेकलेली. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, भिजवलेल्या हरभऱ्याचा वास. इथला भाव उंचीवर, रंगावर आणि अंगावरच्या शुभचिन्हांवर ठरतो. मानेवरच्या भोवऱ्याला देवमण म्हणतात, तो असला की किंमत वाढते. चारही पाय आणि कपाळ पांढरं असलेला पंचकल्याणी, त्याची वेगळी किंमत. घोडा नाचतो कसा, उभा राहतो कसा, याची वेगळी. पिढ्यान्‌पिढ्यांचं ज्ञान आहे हे आणि ते सांगणारी माणसं अतिशय आपुलकीने सांगतात. फक्त माझ्या वहीतल्या प्रश्नांची उत्तरं त्यात नव्हती.

एका खानदेशी व्यापाऱ्याकडे ६४ इंची काळाभोर घोडा होता. मी स्टेथोस्कोप काढला तेव्हा ते काळजीने म्हणाले, "ताई, घोडा आजारी नाही हो." मी खेळाबद्दल सांगितल्यावर त्यांनी स्वतः घोडा धरून उभा केला. डाव्या कोपरामागे, छातीला स्टेथोस्कोप टेकवून १५ सेकंद मोजायचं आणि चारने गुणायचं. ६० आले. निवांत घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४ असते. त्या घोड्यात दोष होता असं नाही. दहा पावलांवर ढोल वाजत होता, समोरून घोड्या जात होत्या, त्याचं मन थाऱ्यावर नव्हतं. पण याचा अर्थ एवढाच की बाजारात नाडीवरून काही ठरवता येत नाही. शिवाय घोडा आदल्या रात्री कुठून आला, काय खाल्लं, त्याला एखादं वेदनाशामक दिलंय का, हे कळायला मार्ग नसतो. सारंगखेड्याला जावं, जरूर जावं. एका जागी इतके घोडे हाताळायला दुसरीकडे कुठे मिळणार? मी तिथे दात बघायला शिकले. एका म्हाताऱ्या व्यापारी काकांनी ओठ उचलून दाखवलं: मधले पक्के दात अडीच वर्षांना, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कोपऱ्यातले साडेचारला, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण. पुढे खालच्या दातांवरचे काळे खळगे मधून कडेकडे बुजत जातात, सहा, सात, आठ. वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपाशी खाच दिसू लागली की दहा उलटलं समजा. "कागद काही सांगो, दात पाहून घ्यायचे बेटा," असं म्हणाले.

तिथेच सौराष्ट्रातून आलेले एक घोडेवाले भेटले. सगळे त्यांना बापू म्हणत. त्यांनी विकायला आणलेल्या घोड्यांत मला हवं तसं काही नव्हतं. पण मी विचारत होते ते प्रश्न त्यांना आवडले असावेत. म्हणाले, घरी एक सात वर्षांची घोडी आहे, रोज शेतावर जाऊन येते, उंचीला कमी म्हणून बाजारात आणली नाही. मी किंमत विचारली तर हसून म्हणाले, "बेन, घोडी वेचवानी नथी." नंबर मात्र दिला.

संक्रांत झाल्यावर मी राजकोटपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने अमरेलीकडे गेले. मधल्या महिन्यात बापूंशी फोनवर बोलणं होत होतं. त्यांच्या पुतण्याने घोडीचे व्हिडिओ पाठवले होते. मी फक्त तीनच व्हिडिओ मागितले होते: समोरून चालत येताना, मागून जाताना, आणि बाजूने दुडकी चाल. कडक जमिनीवर, खोगीर न घालता. हे मागायला संकोच करू नका. लंगड असेल तर बरेचदा इथेच कळतं आणि प्रवासाचा खर्च वाचतो.

घोडी कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाची, ५८ इंच उंच. काठेवाडी घोड्यांचे वंश आईकडून मोजतात, माणकी, ताजण, ढेल अशा नावांनी. बापूंनी तिच्या आजीपर्यंतची माहिती तोंडपाठ सांगितली आणि कुणाला काय आजार झाला होता तेही सांगितलं. छातीचा घेर १६८, लांबी १५२. वजन ३६१ किलो. माझे ७० किलो त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आत बसत होते. नाकपुड्या मोठ्या, अंग सडपातळ, कातडी पातळ. लांब पल्ल्याला जाड, भरलेल्या अंगाचा घोडा लवकर तापतो. पातळ अंगातून उष्णता पटकन बाहेर पडते.

पहिल्या दिवशी मी तिच्यावर बसलेच नाही. गोठ्याबाहेर खाट टाकून बसले आणि ती दिवसभर काय करते ते पाहिलं. खाते का, सगळं संपवते का, लोक आले-गेले तर चारा सोडून बघत राहते का. संध्याकाळी पुण्याहून नेलेली निळी बादली पाणी भरून तिच्यापुढे ठेवली. उन्हात काम करणारा घोडा तासाला दहा-पंधरा लिटरपर्यंत घाम गाळू शकतो, आणि परक्या बादलीतलं पाणी पीत नाही म्हणून कितीतरी चांगले घोडे मधल्या तपासणीत बाद होतात. तिने बादलीच्या कडेवरून ओठ फिरवला, एकदा फुरफुरली, पाण्यात नाक बुडवून बाहेर काढलं, आणि मग कान मागेपुढे हलवत घोट घोट प्यायली. अर्धी बादली संपवली. मला वाटतं, माझा निर्णय तिथेच निम्मा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवांत नाडी ३६ आली, पण मोजताना मधेच एक ठोका गेला. पुन्हा ऐकलं, पुन्हा चार-पाच ठोक्यांनंतर एक रिकामी जागा. माझ्या पोटात गोळा आला. कुणालाच काही बोलले नाही, वहीत लिहून ठेवलं. मग बापूंच्या पुतण्याबरोबर बारा-एक किलोमीटर गेलो, बहुतेक दुडकीत, थोडं चालत. पहिल्यांदा मी पुढे, मग तो पुढे, मग त्याला मुद्दाम थांबवून मी एकटीच घोडीला घेऊन वळणाआड गेले. तिने एकदा मागे वळून हाक दिली आणि चालू लागली. जोडीदाराशिवाय पाऊल न टाकणारा घोडा लांब वाटेवर दोघांनाही दमवतो, त्यामुळे हे मुद्दाम तपासून बघा. मागून येणाऱ्या घोड्याला लाथ मारते का, तेही.

उतरल्याबरोबर नाडी ८४. खोगिराचा पोटाखालचा पट्टा, तंग, सैल केला, सावलीत उभी केली, पाणी अंगावर घातलं. दहा मिनिटांनी ५६. मग एक मिनिटाची चाचणी केली, जी स्पर्धांतले डॉक्टर करतात: नाडी मोजायची, घोडा साधारण ४० मीटर पळवत नेऊन पळवत आणायचा, आणि पळायला सुरुवात केल्यापासून बरोबर एक मिनिटाने परत मोजायची. दुसरा आकडा पहिल्याएवढा किंवा कमी असला तर घोडा ठीक. चार-पाच ठोके वाढले तर तो थकलाय किंवा कुठेतरी दुखतंय. आमचे ५२ आणि ५२.

तरीही मी बापूंना होकार दिला नाही. सरांनी सांगितलं होतं, काम केल्यावर घोडा दुसऱ्या दिवशी सकाळी बघ. पाय गरम आहेत का, सुजलेत का, पाठीवर दोन्ही बाजूंनी बोटं दाबत नेली तर अंग चोरते का, खोगीर दिसल्यावर तोंड फिरवते का. मुक्काम वाढवला. सकाळी चारही पाय थंड होते.

दोष होते. मागच्या डाव्या पायाला तारेचा जुना व्रण. पुढचा उजवा पाय टाकताना किंचित बाहेर फेकते. ट्रॅक्टरवरची फडफडणारी ताडपत्री दिसली की बाजूला उडी मारते. बापूंनी यातलं काही लपवलं नाही. मी राजकोटहून एका डॉक्टरांना बोलावलं. विकणाऱ्याचे नेहमीचे डॉक्टर कितीही चांगले असले तरी तपासणीला वेगळे डॉक्टर बोलवा आणि त्यांची फी आपण द्या. १२,००० रुपये झाले, चारही पायांचे एक्स-रे धरून. व्रण फक्त कातडीचा निघाला. फेकलेला पाय दुसऱ्या पायाला घासत नाही, याची त्यांनी टाचेजवळचे केस बघून खात्री केली. प्रत्येक सांधा मिनिटभर दुमडून धरून लगेच पळवली, लंगड नाही. मी वहीतला चुकलेला ठोका दाखवला तेव्हा ते म्हणाले, "पळवून आणा." मग मला ऐकायला दिलं. रिकामी जागा गेली होती, ठोके सलग. निवांत असताना मधला एखादा ठोका गळणं तयारीच्या घोड्यात सर्रास आढळतं आणि काम सुरू झालं की ते जातं. काम केल्यावरही गळत राहिला, तर मात्र घोडा सोडून द्यायचा. मला त्या क्षणी रडूच आलं.

बापूंनी साडेतीन लाख सांगितले, २,८०,००० वर ठरलं. "विकायची नाही" चं काय झालं विचारलं तर म्हणाले, तू पहिला दिवसभर खाटेवर बसून नुसती बघत होतीस, तेव्हाच ठरवलं. २५,००० आगाऊ दिले आणि स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं की रक्ताचे अहवाल स्वच्छ आले तरच व्यवहार पुरा, नाहीतर पैसे परत. ही ओळ लिहून घ्याच.

आता कागद. ग्लँडर्स हा घोड्यांचा आजार माणसालाही होतो आणि २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. बाधित जनावर वाचवता येत नाही. त्यामुळे ग्लँडर्सचा आणि घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयाचा असे दोन्ही अहवाल हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. रक्ताचे नमुने सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत हरियाणात हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे गेले. नमुने पोचायलाच उशीर झाला, आणि अहवाल यायला जवळजवळ महिना लागला. या महिन्यात रोज फोन बघणं एवढंच माझ्या हातात होतं. एक शिकले: अहवाल किती दिवस जुना चालतो ते दोन्हीकडच्या पशुसंवर्धन कार्यालयात आधी विचारा आणि गाडी त्याप्रमाणे ठरवा, नाहीतर मुदत उलटते आणि परत रक्त काढावं लागतं. सोबत मायक्रोचिपचा नंबर आणि घोडीच्या अंगावरच्या खुणांचं चित्र, धनुर्वाताच्या लसीची नोंद, विक्रीखत, आणि पशू वाहतूक नियम, १९७८ प्रमाणे ती प्रवासाला योग्य असल्याचा पशुवैद्यकाचा दाखला. चिपचा नंबर डॉक्टरांकडून यंत्राने वाचून कागदाशी ताडून घ्या. सगळ्याच्या तीन-तीन प्रती केल्या. वाटेत एका नाक्यावर एक द्यावी लागली.

ठरलेला वाहतूकदार ऐन वेळी आला नाही. दुसरा मिळायला आठवडा गेला, खर्च ४८,०००. गाडीत बाजूंना गाद्या, तळाला वाळू आणि त्यावर पेंढा हवा. आम्ही चार-पाच तासांनी थांबायचो, पाणी दाखवायचो, पायांवरून हात फिरवायचो. तिचा नेहमीचा चारा दोन आठवडे पुरेल इतका बापूंनी गाडीत भरून दिला होता. याची किंमत पैशांत होत नाही, कारण चारा एकदम बदलला की घोड्याला पोटशूळ होतो आणि तो जिवावर बेततो. इथला कडबा आणि लसूणघास तिच्या चाऱ्यात रोज मूठमूठ वाढवत नेला.

तबेल्यात पहिले तीन आठवडे ती वेगळी होती. सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस ठीक. आमच्या नालबंदांनी, उस्मानचाचांनी, नाल काढून उलटा करून बघितला आणि कुठली कड जास्त झिजलीय ते दाखवलं. त्यावरून पुढच्या उजव्या पायाचा तोल त्यांनी थोडा थोडा सुधारला, एकदम नाही. तबेल्याचं महिन्याचं भाडं चाऱ्यासकट १८,०००, दर सहा आठवड्यांनी नालबंदी २,०००. खोगीर तिच्या पाठीवर बसेना म्हणून जुनं विकून दुसरं घेतलं. घोडा घेताना खोगिरासाठी वेगळे पैसे बाजूला ठेवाच.

पावसाळाभर आम्ही चाललो. घोडीची देखभाल करणारे मोतद्दार दादा तिला अधूनमधून ताडपत्रीशेजारी चारा टाकायचे. आता घोडी ताडपत्रीकडे नुसता एक डोळा ठेवते. घोड्याचा श्वास आणि स्नायू दोन-तीन महिन्यांत तयार होतात, शिरांना आणि हाडांना त्याहून खूप जास्त वेळ लागतो. त्यामुळे घोडा "मला पळू दे" म्हणत असताना त्याला चालवणं हेच बहुतेक काम होतं. दिवाळीनंतर एक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाकडे तिची आणि माझी नोंदणी, तिचा पासपोर्ट हे सोपस्कार झाले. फोटोत चारही बाजू आणि पायांचे पांढरे पट्टे स्पष्ट दिसले पाहिजेत, माझा अर्ज त्यासाठी एकदा परत आला.

डिसेंबर २०२५ मध्ये आम्ही पहिली ४० किलोमीटरची फेरी केली. पहिल्या टप्प्यानंतर नाडी ६० वर आली, शेवटी ५८. हिरडी दाबून सोडली की रंग दोन सेकंदांच्या आत परत येत होता, पोटाचे आवाज चारही बाजूंना ऐकू येत होते. मधल्या थांब्यावर ती निळ्या बादलीतून प्यायली आणि मग शेजाऱ्याच्याही. डॉक्टरांनी कार्डावर सही केल्यावर मी पहिला फोटो बापूंना पाठवला. त्यांनी उलट विचारलं, उद्या सकाळी पाय कसे आहेत ते कळव.

सकाळी पाय थंड होते. मागच्या डाव्या पायाला व्रणापाशी थोडी सूज होती, ती अर्धा तास चालवल्यावर गेली. डॉक्टरांनी पाहून दोन आठवडे सुट्टी सांगितली. ६० किलोमीटरचं पुढच्या हिवाळ्यात बघू. कुणाला कागदपत्रांबद्दल किंवा तपासणीबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, वही अजून माझ्याकडेच आहे.